शेजाऱ्याचं गाऱ्हाणं

अधिवेशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वार्ताहर प्रत्येक आमदाराला एकच प्रश्न विचारतात, "साहेब, या वेळी आपले प्राधान्याचे विषय कोणते?" आणि प्रत्येक आमदार एकच उत्तर देतो. रस्ते, पाणी, आरोग्य, शिक्षण. क्रम तेवढा मागेपुढे. आमच्या आमदारांनी एका वर्षी सांगितलं, "एक नंबरला सखूबाईच्या शेजारणीची सून." वार्ताहर नवखा होता. काहीतरी घरगुती भानगड दिसतेय असं समजून त्याने पेन खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'पाणीप्रश्नावर आवाज उठवणार' असं आलं. ते काही खोटं नव्हतं, पण त्यात सून कुठेच नव्हती, म्हणून आमदार आठवडाभर त्या पेपरवर रुसून होते.

हे आमदार कुठल्या पक्षाचे, कधी निवडून आले, ते मी सांगत बसत नाही. राजकारणात यायच्या आधी ते अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि आमदार झाल्यावरही फोरमनच राहिले. लोकही त्यांना फोरमनच म्हणत. त्यांच्या कार्यालयाला लागून माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. पीए ठेवणं त्यांना पटत नसे. "मधे माणूस आला की माल खराब होतो," म्हणायचे. त्यामुळे विधानसभेत पाठवायचे त्यांचे सगळे प्रश्न माझ्या हाताखालून जायचे. माणसाला त्याच्या मशीनच्या नावाने हाक मारायची कारखान्यातली सवय त्यांची सुटली नव्हती. मी 'टायपिंग'. समोरचा चहावाला 'बॉयलर'. बायकोला ते काय म्हणत, हे विचारायचं धाडस मी केलं नाही, पण ती माउली त्यांना 'अहो फोरमन' म्हणायची, हे मी स्वतः ऐकलंय.

अंगात खादीचा कडक झब्बा आणि पायात कारखान्यातले सेफ्टी बूट, पुढे लोखंडी वाटी बसवलेले. विधानभवनाच्या दारातलं यंत्र दर वेळी बोंब मारायचं आणि दर वेळी फोरमन बूट हातात घेऊन आत जायचे. एकदा सुरक्षारक्षक काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेब, अधिवेशनापुरत्या तरी चपला घाला की." फोरमन म्हणाले, "बाबा रे, आत माणसाच्या पायावर काय काय पडतं, तुला कल्पना नाही."

विधानसभेतल्या प्रश्नांची एक ठरावीक भाषा असते. 'अमुक ठिकाणी गटार तुंबले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्यावर कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' ही भाषा फोरमनच्या तोंडात इतकी बसली होती, की ती घरीही निघायची. जेवताना ते विचारायचे, "आमटीत मीठ जास्त झाले आहे, हे खरे आहे काय?" वहिनी शांतपणे सांगायच्या, "हे अंशतः खरे आहे. जेवा." एवढ्यावर सभागृहाचं समाधान व्हायचं.

पण फोरमनना फोरमन बनवणारी खरी गोष्ट म्हणजे त्यांचा नियम. कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'येथे स्वतःचे गाऱ्हाणे सांगू नये. शेजाऱ्याचे सांगावे.'

मला पहिल्यांदा ती थट्टा वाटली. मग कळलं की माणूस गंभीर आहे. कारखान्यात ते नव्याने फोरमन झाले तेव्हा त्यांनी प्रत्येक कामगाराला विचारलं होतं, तुला काय त्रास आहे? चाळीस जणांनी चाळीस याद्या दिल्या, त्यात पंख्यापासून मेव्हण्याच्या नोकरीपर्यंत सगळं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, तुझ्या बाजूच्या मशीनवाल्याला काय त्रास आहे? तेव्हा सहा जणांनी एकच गोष्ट सांगितली. एका प्रेस मशीनची संरक्षक जाळी निखळली होती आणि त्यावर काम करणारा पोरगा नोकरी जाईल म्हणून बोलत नव्हता. त्याची बोटं वाचली. तेव्हापासून फोरमनचं सूत्र पक्कं झालं, "स्वतःचं दुखणं माणूस वाढवून सांगतो, शेजाऱ्याचं मोजून सांगतो."

मी म्हटलं, "मोजून? शेजाऱ्याचं तर माणूस मिटक्या मारत सांगतो."

"सांगू दे की," ते म्हणाले, "मिटक्या मारायच्या तर आधी चाखावं लागतं."

आलेलं प्रत्येक गाऱ्हाणं एका कार्डावर उतरायचं. भिंतीवर एक फळी होती, तिच्यावर नंबर घातलेले खिळे. अधिवेशनाच्या आधी महिनाभर फोरमन कानावर पेन्सिल ठेवून त्या फळीसमोर उभे राहायचे आणि कार्डं या खिळ्यावरून त्या खिळ्यावर हलवायचे. एक नंबरच्या खिळ्यावरचं कार्ड म्हणजे त्यांच्या पहिल्या पसंतीचा प्रश्न. सभागृहात खरोखर तोंडी उत्तर मिळायची आशा असते ती अशा वरच्या प्रश्नांना. खालच्यांना लेखी उत्तर येतं आणि ते वाचायला निवृत्तीनंतर वेळ मिळतो.

तर ती सखूबाई. बदलापूरच्या पलीकडच्या गावातली, सत्तरीची, आवाज खणखणीत. आल्या आल्या म्हणाली, "मना माझा सांगाचा हाय. माझे बांधावर..."

"तुमचं नको आजी. शेजारणीचं सांगा."

"तिचा? तिचे तोंडाला मी पानी नाय घालनार!"

"बरं, मग बसा."

आजी बसली. पाच मिनिटं गप्प राहिली, पण ते तिच्या प्रकृतीला मानवेना. मग शेजारणीच्या नावाने बोटं मोडत मोडत तिने सुरुवात केली. ती तशी भांडकुदळ, तिचा नवरा तसा, बैल तसा, आणि त्यातच निघालं, "सुनेला आठवा म्हैना लागलाय, न ती पोर दोन-दोन हंडं डोक्यावं घेऊन टेकार चढते. मी बघते ना रोज. एखादे दिशी परंल, तवा समजंल हिला!" एवढं बोलून आजीने पदराने डोळे पुसले आणि तिलाच त्याचं नवल वाटलं. ते कार्ड त्या वर्षी एक नंबरच्या खिळ्यावर गेलं. वार्ताहराने पेन खिशात ठेवलं ते याच सुनेपायी.

आता माणसं काय साधी असतात? महिन्याभरात बॉयलरच्या टपरीवर गाऱ्हाण्यांचा बाजार भरू लागला. "माझं गटार तू सांग, तुझा ट्रान्सफॉर्मर मी सांगतो." शहाडहून आलेला माणूस पार लांबच्या बदलापूरच्या माणसाशी शेजार जोडायचा. एक जण तर बाकड्यावर बसून जोड्याच जुळवून द्यायला लागला, वधूवर सूचक मंडळात जुळवतात तशा. फोरमननी काहीच केलं नाही. फक्त ते आलेल्याची उलटतपासणी घ्यायला लागले. "शेजाऱ्याकडे पाणी किती वाजता येतं? भरतं कोण? त्यांच्या घरात आजारी कोण आहे? दार कुठल्या बाजूला उघडतं?" अडखळलं की, "जा, एक दिवस त्यांच्याकडे राहून या. मग कार्ड करू." काही माणसं खरंच राहून आली. त्यातल्या दोघांची पुढे सोयरीक झाली, पण त्याचं श्रेय फोरमननी घेतलं नाही.

नियम त्यांनी स्वतःलाही लावला, तिथे घोटाळा झाला. "मी आमदार आहे म्हणून सुटलो का?" असं म्हणून ते दर अधिवेशनात एक प्रश्न शेजारच्या मतदारसंघाचा विचारायचे. तिथले आमदार विरोधी पक्षाचे. ते खवळून आले. "माझ्या पुलाखालच्या पाण्याशी तुमचा संबंध काय?"

"शेजारी आहात. तुम्ही सांगितलं असतंत तर वाढवून सांगितलं असतंत."

त्या गृहस्थांनी सूड म्हणून आमच्याकडच्या एका वाकलेल्या विजेच्या खांबाबद्दल प्रश्न टाकला. खांब आठवड्यात सरळ झाला. फोरमननी पेढे वाटले. कार्यकर्ते कपाळाला हात लावून बसले. एक जण म्हणाला, "फोरमन, लोक म्हणतात आमदार कुणाचा तेच कळत नाय." फोरमनना ती स्तुती वाटली.

इथवर मला सगळी गंमत होती. मग आमच्या इमारतीला नोटीस लागली.

मी राहायचो उल्हासनगरला, विठ्ठलवाडीच्या बाजूच्या एका कॅम्पात; तिथल्या वस्त्यांना कॅम्पच म्हणतात. फोरमनच्या मतदारसंघाचं अगदी शेपूट. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, आम्ही चौथ्यावर. इमारत धोकादायक आहे, पावसाळ्याआधी रिकामी करा, असा कागद दारावर चिकटला. रिकामी करून जायचं कुठे, हे त्यात नव्हतं. भाड्याने जायची ऐपत सोळांतल्या दोघांची. नवी बांधायची तर जमिनीचे कागद धड नाहीत. तात्पुरत्या खोल्या मिळू शकतात असं ऐकून होतो, पण अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. सभागृहात प्रश्न लागला तर तो हलला असता. माझ्या घरात आई, बायको, मुलगी. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

प्रश्न टाइप करणारा मी, आणि प्रश्न मांडायची मला बंदी! मी फोरमनपुढे आडून आडून विषय काढला. "आमच्याकडे नोटीस लागलीय."

"कुणाकडे?"

"आमच्या इमारतीला."

त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "टायपिंग, इतकी वर्षं माझ्या शेजारी बसतोस. तू कुणाचं आणलंस आजवर?"

मी कुणाचंच आणलं नव्हतं. मी आपला टाइप करत होतो. घरी जाताना मला त्यांचा फार राग आला. खोटं का बोलू, शिव्याही दिल्या.

आमचं गाऱ्हाणं सांगू शकेल असा माणूस एकच होता आणि त्याच्याशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. परसूभाई. गल्लीच्या पलीकडे, आमच्या बरोबर समोर, खाली, पुढे पत्र्याची शेड काढून, त्याचा जीन्स शिवायचा कारखाना आणि वर घर. आमची टाकी भरून वाहिली की पाणी त्याच्या कापडावर पडतं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मशीनींनी आमची झोप उडते, असं माझं. मी त्याच्याविरुद्ध अर्ज दिला होता, सुबक टाइप करून. त्यानंतर आम्ही एकमेकांना बघून मान फिरवायचो. एवढ्याशा गल्लीत मान फिरवून फिरवून ती दुखायची.

मग मी लबाडी केली. एक कार्ड घेतलं, त्यावर आमच्या इमारतीचं गाऱ्हाणं टाइप केलं आणि सांगणाऱ्याच्या जागी परसूभाईचं नाव घातलं. हळूच इतर कार्डांत सरकवलं. उलटतपासणीला प्रत्येकाला बोलावतात, हे मी विसरलो नव्हतो. मला वाटलं, एवढ्या घाईत एखादं निसटेल.

तिसऱ्या दिवशी परसूभाई कार्यालयात हजर. पांढरा लेंगा, अंगावर निळे दोरे चिकटलेले. दुकान आणि कार्यालय यांच्यामधला दरवाजा उघडाच असायचा. मी माझ्या मशीनमागे बसल्या जागी घामाघूम झालो.

"परसूभाई, हे कार्ड तुमचं?" फोरमननी विचारलं.

"कौनसा कार्ड? मैंने तो..." त्याने कार्ड हातात घेतलं. सावकाश वाचलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी खाली बघितलं. माझी इज्जत, दुकान, घर, सगळं त्याच्या जिभेवर होतं.

"हां," तो म्हणाला, "मेरा ही है."

"बरं. मजले किती?"

"चार माळे, सोला घर. जिना एकच. त्याची सातवी पायरी अर्धीच आहे."

"आजारी कोण?"

"ये टायपिंगवाले की माँ. पंधरा दिन में एक बार डॉक्टर. खुर्ची पे बिठा के उतारते है. सातव्या पायरीला खुर्ची थांबते, तवा ती देवाचा नाव घेते. माझ्या खिडकीत ऐकू येतं."

"आणखी?"

"बच्ची है इसकी. गॅलरी में बैठ के पढती है. पाऊस असला तरी."

मी मधेच बोललो. राहवेना. "तिला वारा लागतो म्हणून बसते ती."

"वारा?" परसूभाई माझ्याकडे वळला. "अरे, अंदर बीम के नीचे लोहे का टेकू लगाया है ना तुमने, उससे डरती है वो. मेरी पोती को बोला उसने. पप्पांना सांगू नको बोली, पप्पा टेन्शन घेतात."

माझ्या पोरीबद्दल मला माहीत नसलेली गोष्ट मी ज्याच्यावर अर्ज केला होता त्या माणसाच्या तोंडून ऐकत होतो. मला लाज वाटली. अजूनही वाटते.

फोरमननी कानावरची पेन्सिल काढली. "शेवटचं. हे सगळं तुम्ही का सांगताय? तुमचं काय जातं?"

परसूभाईने दोन्ही हात पसरले. "साहब, गिरेगी तो मेरे पे ही गिरेगी ना!"

कार्यालयात बसलेली सगळी माणसं हसली. फोरमन मात्र पेचात पडले. त्यांचा सगळा कायदाच गडबडला. ही शेजाऱ्याची तक्रार की स्वतःची? ते फळीसमोर जाऊन उभे राहिले, पेन्सिल चावली, पुटपुटले, "अर्धी ह्याची, अर्धी त्याची... भिंत दोघांची..." असं बराच वेळ चाललं. शेवटी कार्ड त्यांनी एक नंबरच्या खिळ्यावर लावलं.

परसूभाई गेल्यावर ते माझ्या काउंटरशी आले. "परसूभाई मराठी बोलतो, वाचतो, पण लिहीत नाही, आणि आजच्याआधी इथे आलाही नव्हता. कार्ड तुझ्या मशीनवरचं आहे."

"हो."

"आता त्याचं एक गाऱ्हाणं तू आण. नाही आणलंस तर हे उतरवीन. आणि उलटतपासणी तुझीही होईल."

मी एक अख्खा दिवस परसूभाईच्या कारखान्यात बसलो. आधी दोघंही अवघडलेले. मग त्याने चहा मागवला. दुपारी आमची टाकी भरली आणि धार बरोबर त्याच्या कापायच्या टेबलावर आली. दोन वर्षं मी हे खोटं आहे असं सांगत होतो. मग त्याने मला वरच्या खिडकीशी नेलं. तिथून मी आमची इमारत पहिल्यांदा नीट बघितली. तिसऱ्या मजल्याची भिंत बाहेर आली होती, पोट सुटल्यासारखी. आत राहणाऱ्याला ती कधी दिसत नव्हती. परसूभाई म्हणाला, "रोज सुबह उठ के पहले ये देखता हूँ. है, तो फिर चाय पीता हूँ."

टाकीचं गाऱ्हाणं मी फोरमनकडे नेलं. ते म्हणाले, "हे विधानसभेत विचारायचं नसतं, बॉलकॉक बदलायचा असतो." मी बदलला.

पावसाळी अधिवेशनात आमचा प्रश्न लागला. फोरमननी मला आणि परसूभाईला प्रेक्षक गॅलरीचे पास दिले. परसूभाईने घरून पापड आणले होते, ते दारात काढून घेतले, याचं दुःख त्याला अजून आहे. खाली फोरमन उभे राहिले. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं. इमारतीची पाहणी केलेली आहे, कार्यवाही सुरू आहे, वगैरे. आता उपप्रश्नात फोरमन भाषण करणार, असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "माननीय मंत्र्यांनी सांगावं, त्या इमारतीत पाणी किती वाजता येतं?"

मंत्र्यांनी मागे बघितलं. मागे अधिकारी एकमेकांकडे बघू लागले.

"जिन्याची कितवी पायरी तुटलेली आहे? चौथ्या मजल्यावरच्या आजींना खाली कसं आणतात? मुलगी गॅलरीत का बसते?"

सभागृहात खसखस पिकली. मंत्री दिलदार होते, तेही हसले. म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी पेपर फारच अवघड काढलाय."

"पाहणी झालीय ना? मग पाहणाऱ्याला एक दिवस तिथे राहायला पाठवा. पूर्ण दिवस नको. एक शिफ्ट. दहा ते सहा."

हसण्याच्या भरात मंत्री 'पाठवतो' म्हणून गेले, आणि सभागृहात म्हटलं की ते नोंदलं जातं.

चार दिवसांनी खात्याचा एक अभियंता दहाच्या ठोक्याला आमच्या घरी आला. बिचारा भला माणूस. आधी मला म्हणाला, "साहेबांना सांगा, मी बसलो होतो." फोरमननी त्याच्यासोबत बॉयलरला पाठवलं होतं, शिफ्ट भरते की नाही ते बघायला. आईने त्याला पोहे दिले. तो ताटली हातात घेऊन टेकूच्या शेजारी खुर्चीवर बसला. वरून गिलाव्याचा पापुद्रा सुटला आणि पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरावं तसा पसरला. आई म्हणाली, "थांबा हो, दुसरी ताटली देते. आम्हाला सवय आहे." त्या माणसाने दुसरी ताटली घेतली नाही. तीन वाजता तो खाली गल्लीत उभा राहून, परसूभाईच्या टेबलावर कागद ठेवून अहवाल लिहीत होता. बॉयलरने त्याचे तीन तास कमी भरल्याची तक्रार फोरमनकडे केली.

आठवड्याभरात सोळा बिऱ्हाडांना चिखलोलीच्या बाजूला तात्पुरत्या खोल्या मिळाल्या. सामान हलवायला परसूभाईचे टेम्पो आले. आईला त्याच्या दोन कारागिरांनी खुर्चीवरून उतरवलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्याचा स्लॅब दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा पहिल्यावर आला. परसूभाईचा फोन आला तेव्हा तो रडत होता. त्याची पत्र्याची शेड गेली होती, कारागीर वाचले होते. त्याला मी विचारलं, इमारतीत कुणी होतं का? "कौन होगा," तो म्हणाला, "तुम लोग तो उधर हो ना." मी फोन ठेवला आणि शेजारच्या सगळ्या खोल्यांचे दरवाजे वाजवून सोळा बिऱ्हाडं मोजली. सगळी होती.

पुढच्या निवडणुकीत फोरमन पडले.

का पडले, याची कारणं पेपरांनी मोठी मोठी दिली. मला टपरीवर एकच ऐकू आलं. "फोरमननी कामं केली. नाय कशाला म्हणू? पण माझं नाय केलं. शेजाऱ्याचं केलं." जो येई तो हेच सांगे. सखूबाईच्या गावात नळ आला होता, पण तो शेजारणीसाठी मागितलेला. ज्याच्या दारातला खांब सरळ झाला, तो म्हणे, आपल्या आमदारानं कुठे केला? पलीकडच्यानं केला. सगळ्या मतदारसंघात एकही माणूस असा निघेना, की ज्याचं काम झालं होतं.

मी या लोकांना नावं ठेवत होतो. मोठमोठ्याने. आणि मी काय केलं, ते आता सांगतो. आमची नावं अजून कॅम्पातल्याच यादीत होती. मतदानाची सुट्टी होती. सकाळी जाऊ म्हटलं. मग बायको म्हणाली, सगळे घरात आहेत तर भिंतींना रंग तरी देऊन घेऊ, किती दिवस या कळकट खोलीत राहायचं? मी डबा उघडला. बाजूच्यांनी बघितलं, त्यांनीही उघडला. दुपारपर्यंत निम्म्या मजल्याला रंग लागला होता. कुणीतरी मधेच म्हणालं, मत द्यायचंय ना? दुसरं म्हणालं, एवढा कोट होऊ दे. हातपाय धुऊन वर बघितलं तेव्हा साडेपाच झाले होते. इथून कॅम्पात पोचेपर्यंत सहा वाजणार. फोरमन काय, निवडून येतीलच, असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि चहा प्यायलो.

निकालानंतर मी आठ दिवस दुकान उघडलं नाही. उघडलं त्याच सकाळी सेफ्टी बूट वाजले. फोरमन हातात एक कागद घेऊन आले. कार्यालय रिकामं करत होते. फळी भिंतीवरून उतरवून दाराशी टेकवलेली होती. मी मान खाली घालून कागद मशीनवर ठेवला.

"काय टायपिंग," ते म्हणाले, "रंग कुठला दिलात?"

"फिकट पिवळा," मी म्हणालो.

"चांगलं केलंत. समोर भिंत आहे, उजेड कमी येतो तुमच्या खोलीत. पिवळ्याने जरा बरं वाटेल."

कागद घेऊन ते गेले. आमच्या त्या खोलीत ते कधी येऊन गेले होते, देव जाणे. मतदानाला का आला नाहीत, असं त्यांनी विचारलं असतं, तर सांगायला माझ्याकडे चार कारणं तयार होती. रंगाचं विचारल्यावर त्यातलं एकही उरलं नाही.